रंगाऱ्यांनो, आधी सात जण जमा

तेलीबांध्याच्या चौकात सकाळी कामाची वाट बघत उभे राहता ना, हे तुमच्यासाठी लिहिलंय. रंगारी, पुट्टीवाले, पीओपीवाले, टाइल्स बसवणारे, लाकडाला पॉलिश करणारे, आणि तुमच्यासोबत भिंती घासायला, सामान चढवायला येणाऱ्या रेजा, सगळ्यांसाठी. घरी कुणी शिकलेला मुलगा हे वाचून दाखवत असेल तर त्यानंही कान द्यावा. पुढची बरीच लिखापढी त्यालाच करायची आहे.

तुमच्यातले बरेच जण गोंदिया, आमगाव, सालेकसा, देवरीकडचे. गाडीत बसलं की डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग आणि मग रायपूर. इथल्या चावडीवर, म्हणजे कामाच्या चौकात, मराठी, छत्तीसगढी आणि हिंदी एकाच वाक्यात चालते. उधारी मात्र तिन्ही भाषांत बुडते.

सांगायचं एकच आहे. तुम्ही आपली युनियन करा. मोर्चाचं पुढे बघता येईल. आधी थकलेली बाकी वसूल व्हावी, झुल्याचा दोर कुणीतरी तपासावा, आणि सरकारी कार्ड चालू राहावं, एवढ्यासाठी करा.

तुमची अडचण गवंड्याहून वेगळी आहे. घर बांधताना पाया खणणारा पहिला येतो. मग गवंडी, मग सळईवाला, मग वायरिंग आणि नळवाला. तुम्ही सगळ्यात शेवटी. तोवर मालकाचा हात आखडलेला असतो. कर्जाचा शेवटचा हप्ता संपत आलेला असतो आणि गृहप्रवेशाची तारीख मात्र ठरलेली असते. घाई तुमच्याकडून करून घेतात आणि पैसे देताना सावकाश चालतात.

गवंड्याचं थकलं तर तो काम बंद करतो आणि स्लॅब अडून राहतो. तुमचं थकतं तेव्हा काम संपलेलंच असतं. भिंती चकचकीत झालेल्या, घरात माणसं राहायला आलेली. आता तुम्ही काय अडवणार? रंग काही खरवडून नेता येत नाही. म्हणून तुमच्या धंद्यात काम सुरू होण्याआधीचा कागद आणि काम चालू असतानाची नोंद, या दोनच गोष्टी तुमच्या हातात असतात.

आधी ती नोंद. युनियन उद्या होईल, वही आजच घ्या.

पंधरा-वीस रुपयांची साधी वही पुरे. रोज चार गोष्टी लिहा. तारीख. कुठल्या घरी किंवा साइटवर गेलात. कुणी नेलं, त्याचा फोन नंबर. किती रोजी ठरली आणि किती हातात पडली. उचल घेतली असेल तर तीही लिहा. खाडा झाला असेल तर तोही लिहा. आपल्या बाजूचा उणा आकडाही लिहिलेला असला की वहीवर विश्वास बसतो.

लिहिता येत नसेल तर मोबाइल आहेच. संध्याकाळी ठेकेदाराला एक निरोप पाठवा: "भाऊ, आज आम्ही तीन जण, दुसरा मजला, हॉलला पुट्टीचा पहिला हात झाला." बस. भांडण नाही, मागणी नाही. त्याचं "ठीक है" आलं की तारखेसकट पुरावा तयार. जोडीला भिंतीचा एक फोटो. हे निरोप पुसून टाकू नका. फोनमध्ये जागा नसेल तर लग्नाचे व्हिडिओ पुसा.

चौरस फुटावर काम घेत असाल तर सुरुवातीलाच चार ओळी लिहून घ्या. रंगाचे हात किती? घासायचं आणि पुट्टी धरून दर आहे की वेगळी? दारं-खिडक्यांचं माप वजा करणार का? सामान कोण आणणार, आणि परांची कोण बांधणार? निम्मी भांडणं मापावरून होतात, आणि ती बहुतेक दारं-खिडक्यांपाशीच अडतात. शेवटी टेप धरताना मालक किंवा त्याचा माणूस समोर हवा. माप झालं की दोघांनी त्याच कागदावर सही करायची.

कोऱ्या कागदावर मात्र अंगठा किंवा सही कधीही देऊ नका. पावसाळ्यात काम नसतं, ठेकेदार उचल देतो आणि दिवाळीच्या तोंडावर ती कमी दरात फेडून घेतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. उचल घ्यावी लागली तर घ्या. पण दिवाळीत रोजी किती धरायची, ते त्याच दिवशी ठरवा.

आता सरकारी कार्डाचं.

बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली केंद्राचा कायदा झाला. इमारत बांधणाऱ्याकडून बांधकामाच्या खर्चावर निदान एक टक्का उपकर घ्यायचा आणि तो पैसा कामगारांच्या कल्याणासाठी ठेवायचा, अशी सोय तेव्हापासून आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नव्या कामगार संहिता लागू झाल्या. कायद्यांची नावं बदलली, पण उपकर आणि कल्याण मंडळ राहिलं आहे. छत्तीसगढमध्ये या मंडळाला भवन एवं अन्य सन्निर्माण कर्मकार कल्याण मंडळ म्हणतात. रंगकाम, पुट्टी, टाइल्स ही सगळी कामं बांधकामातच येतात. "आम्ही काय, आम्ही तर नुसते रंगारी" असं म्हणून मागे राहू नका.

वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम, ही नोंदणीची मुख्य अट. इथे तुमची वही पहिल्यांदा कामाला येते. गवंडी एका साइटवर सहा महिने असतो, त्याला एकाच ठेकेदाराचा दाखला पुरतो. तुम्ही चार दिवस इथे आणि सहा दिवस तिथे. नव्वद दिवस भरतात, पण दाखला द्यायला कुणी सापडत नाही. अनेक राज्यांत नोंदणीकृत युनियनचा दाखलाही धरला जातो. रायपुरात आज कोणता कागद चालतो ते कामगार कार्यालयात जाऊन विचारा. चौकातल्या माणसाला विचारू नका. कार्ड काढून देतो म्हणून पैसे घेणारे दलाल सगळ्यात आधी चौकातच भेटतात.

पैसा नसतो म्हणून योजना मिळत नाहीत, असं कुणी सांगितलं तर मानू नका. १९ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने याच विषयावर निकाल दिला. तेव्हा देशभरात उपकराचे ३७,४०० कोटींहून जास्त रुपये जमले होते, आणि कामगारांवर खर्च झाले होते साधारण ९,५०० कोटी. काही ठिकाणी त्यातून लॅपटॉप आणि कपडे धुण्याची यंत्रं घेतल्याचंही न्यायालयासमोर आलं. पैसा होता. मागायला माणूस दारात उभा नव्हता, कारण त्याच्याकडे कागद नव्हता.

छत्तीसगढच्या मंडळात बाळंतपणासाठी मिनीमाता महतारी जतन योजना आहे, तिच्यात २०,००० रुपये मिळतात. मुलांच्या शिक्षणासाठी, अवजारांसाठी, कामगाराच्या मृत्यूनंतर घरच्यांसाठीही योजना आहेत. रक्कम आणि अटी अधूनमधून बदलतात, म्हणून अर्ज करायच्या वेळी ताजी माहिती घ्या. कार्डावरची मुदत घरात कॅलेंडरवर लिहून ठेवा. मुदत संपलेलं कार्ड दवाखान्याच्या दारात काही कामाचं नाही.

दोन राज्यांत दोन नोंदी करू नका. गोंदियात आधी नोंद असेल तर इथल्या कार्यालयात तसं सांगा आणि कुठली ठेवायची ते ठरवा. रेशनची अडचण आता तेवढी नाही. आधार जोडलेलं असेल तर गावच्या कार्डावर रायपुरातही धान्य मिळतं.

आणखी एक छोटं काम. बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा विमा घ्या. वर्षाला २० रुपये. अपघाती मृत्यू झाला तर घरच्यांना दोन लाख. हप्ता मेअखेरीला खात्यातून आपोआप कापला जातो. त्या आठवड्यात खातं रिकामं ठेवू नका.

इतकं सगळं एकट्यानं होत नाही. तुम्ही कार्यालयात गेलात की त्या दिवसाची रोजी बुडते. दुसऱ्यांदा बोलावलं की तुम्ही जाणं सोडता. दहा जणांची कामं घेऊन एक जण गेला, आणि त्याची रोजी बाकीच्यांनी वर्गणीतून दिली, तर ती कामं होतात. मला विचाराल तर युनियनची सुरुवात इथूनच होते.

"आमचा एक मालक नाही, युनियन कुणाविरुद्ध करायची?" हा प्रश्न तुम्ही विचारणारच. बरोबर आहे. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, त्यांना गिरणी होती, गिरणीला फाटक होतं. त्यांच्या खटपटीनं १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली, ती आजही सगळा देश उपभोगतो. इथे शेजारी राजनांदगावात १९२० साली ठाकूर प्यारेलाल सिंहांनी मजुरांचा संप घडवला, तोही कापड गिरणीतच. रंगाऱ्याला असं फाटक कुठे?

मग पुण्याच्या हमालांकडे बघा. हमालालाही एक मालक नसतो. सकाळी या गाळ्यावर, दुपारी त्या. बाबा आढावांनी त्यांची हमाल पंचायत बांधली. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला. त्यात व्यापाऱ्यानं मजुरी मंडळात भरायची आणि मंडळानं ती हमालाला द्यायची, अशी रीत पडली. सोबत भविष्यनिधी, सुट्टी, औषधपाणी आलं. हमाल पंचायतीनं १९७४ साली कष्टाची भाकर नावाचं स्वस्त जेवणाचं केंद्रही काढलं. हमालांनी हे बाजारातच जमून मिळवलं. तुमची जमायची जागा चावडी. रोज सकाळी तुम्ही तिथे आपणहून गोळा होता, बोलावणंसुद्धा धाडावं लागत नाही.

परदेशातही हा धंदा फार आधी एकत्र आला. अमेरिकेत बाल्टिमोर शहरात १८८७ साली रंगाऱ्यांची युनियन झाली. ती आजही चालू आहे. तिच्यात रंगारी, भिंतीला फिनिशिंग करणारे आणि काचा बसवणारे एकत्र आहेत. तुम्हीही पुट्टीवाला वेगळा आणि टाइल्सवाला वेगळा असं करू नका. एकाच घरात एकामागोमाग जाता, आणि एकाच मालकाकडे सगळ्यांची बाकी असते.

युनियन करायची रीत अवघड नाही. नोंदणीचा अर्ज सात जण मिळून करू शकतात. जुन्या १९२६ च्या कायद्यात सातच होते, नव्या संहितेतही सातच आहेत. मात्र नोंदणीच्या वेळी आणि पुढेही सभासद पुरेसे लागतात. त्या धंद्यातल्या कामगारांपैकी दहा टक्के किंवा शंभर, यांतला जो आकडा लहान असेल तेवढे. रायपूरसारख्या शहरात शंभर धरून चाला. चौकात शंभर रंगारी जमणं काही मोठी गोष्ट नाही.

नाव ठरवा. नियम लिहा: वर्गणी किती, निवडणूक कधी, पैसा कशावर खर्च होणार. असंघटित कामगारांच्या युनियनमध्ये निम्मे तरी पदाधिकारी प्रत्यक्ष ते काम करणारे असावे लागतात. तुम्ही निम्म्यावर थांबू नका. वकील किंवा शिकलेला माणूस सल्ल्याला असू द्या, पण तिजोरीची किल्ली ब्रश धरणाऱ्याच्या हातात हवी.

पैशाच्या बाबतीत कडक राहा. वर्गणी रोख घेतली तर पावती द्या, एक रुपयाची असली तरी. बँकेत खातं उघडा आणि पैसे काढायला दोन सह्या ठेवा. वर्षाचा हिशेब चावडीवर मोठ्यानं वाचून दाखवा. चांगल्या युनियन पोलिसांनी मोडल्या त्यापेक्षा खजिनदारांनी जास्त मोडल्या, असं माझं मत आहे. निवडणुकीच्या दिवसांत कुणी झेंडा आणि गाडी घेऊन आला तर चहा पाजा आणि निरोप द्या.

समितीत रेजा हव्यातच. नावापुरत्या नकोत. भिंत घासायचं सगळ्यात धुळीचं काम त्या करतात, आणि रोजी त्यांनाच कमी. सारख्या कामाला सारखी मजुरी हा कायदा १९७६ सालीच झाला, नव्या वेतन संहितेतही ती अट आहे. दर ठरवायच्या बैठकीत त्या नसल्या की हा विषय निघतच नाही.

दर ठरवताना ताणू नका. चावडीवर सगळ्यांनी मिळून एक किमान रोजी ठरवा आणि तिच्याखाली कुणी जायचं नाही, एवढंच. मोडणारे निघतील. घरात आजारपण असलं की माणूस मिळेल त्या पैशावर जातो. त्याला चौकात शिव्या घालू नका. संध्याकाळी घरी जाऊन विचारा की नड काय होती. युनियनच्या पेटीत अशा वेळी द्यायला चार पैसे असले, तर दर आपोआप टिकतो.

पैसे थकले तर आधी दोघांनी जाऊन गोडीनं मागा. मग युनियनच्या कागदावर पत्र द्या. तरीही नाही दिले तर कामगार कार्यालयात दावा करा. नव्या वेतन संहितेत दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे. कामावर अपघात झाला तर भरपाईचा दावा दोन वर्षांच्या आत करायचा असतो. पडलेल्या माणसाला दवाखान्यात नेताना "पायरीवरून घसरला" असं लिहू देऊ नका. साइटवर, कुठून आणि कसा पडला, ते खरं लिहून घ्या. पुढचा सगळा दावा त्या एका ओळीवर उभा राहतो.

पडायचा विषय निघालाच आहे.

बाहेरून रंग मारताना झुला कशाला बांधलाय, ते स्वतः बघा. गच्चीच्या विटांच्या कठड्याला दोर बांधू देऊ नका, तो ओढीनं निघून येतो. काँक्रीटच्या तुळईला किंवा खांबाला बांधा. कमरेच्या नुसत्या दोरीवर भरवसा नको. खांद्यावरून आणि मांड्यांवरून येणारा पूर्ण पट्टा घ्या, आणि तो झुल्याच्या दोराला न अडकवता वेगळ्या दोराला अडकवा. झुला तुटला तरी माणूस लटकून राहतो. असा पट्टा देणं हे ठेकेदाराचं काम आहे. पण युनियननं पाच-सहा पट्टे विकत घेऊन भाड्याविना दिले, तर पहिल्या वर्षात यापेक्षा चांगला खर्च नाही. विजेच्या तारेजवळ लोखंडी किंवा अॅल्युमिनियमची शिडी लावूच नका.

आता धूळ आणि वास. याचं दुखणं उशिरा कळतं, म्हणून कुणी मनावर घेत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९८९ सालीच रंगाऱ्याचं काम कर्करोगाला कारण ठरणाऱ्या कामांत धरलं. घाबरवायला सांगत नाही. नाकातोंडाला गमछा पुरत नाही, एवढं कळावं म्हणून सांगतो. धूळ अडवणारा चांगला मास्क घ्या. जमेल तिथे भिंत ओली करून घासा.

जुन्या घराचा रंग खरवडताना जास्त जपा. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची कडक मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून आली. त्याआधीच्या तैलरंगात शिसं भरपूर असू शकतं. ती धूळ कपड्यांवरून घरी येते आणि लहान मुलांच्या डोक्यावर परिणाम करते. म्हणून कामाचे कपडे वेगळे ठेवा आणि वेगळे धुवा. घरी आल्यावर आधी आंघोळ, मग पोराला उचलून घ्या.

थिनरनं हात धुऊ नका. खाण्याचं तेल चोळून रंग सैल करा आणि मग साबण लावा. ताज्या रंगाच्या बंद खोलीत रात्री झोपू नका. सामान राखायला झोपावं लागत असेल तर व्हरांड्यात झोपा.

हे वाचणाऱ्यांत घरमालकही असतील. चौबे कॉलनीत किंवा शंकरनगरात घर असलेली मराठी मंडळी दिवाळीच्या आधी याच चावडीवरून माणसं नेतात. त्यांनाही दोन शब्द. काम संपेल त्या दिवशी पूर्ण पैसे द्या. ठेकेदाराला दिलेत तर कामगारांना पोचले का, ते विचारा. तिसऱ्या मजल्यावर बाहेरून कुणी पट्ट्याशिवाय चढत असेल तर खाली उतरवा. आणि चार दिवस काम केल्याचा दाखला मागितला तर सही करून द्या. त्यात तुमचं काही जात नाही, त्याचे नव्वद दिवस भरतात.

रायपूरहून दल्ली-राजहरा फार लांब नाही. तिथल्या लोखंडाच्या खाणीत ठेक्यावरच्या मजुरांनी १९७७ साली कामगार नेते शंकर गुहा नियोगींसोबत युनियन केली. त्यांची एक मागणी होती, पावसाळ्याआधी झोपडी शाकारायला शंभर रुपये. मागणी एवढीशी होती. तिच्यापायी गोळीबार झाला आणि ११ जण गेले. तरी युनियन टिकली. १९८३ साली त्याच मजुरांनी स्वतःच्या श्रमानं आणि वर्गणीतून शहीद हॉस्पिटल उभं केलं. नियोगींचा १९९१ साली भिलाईत खून झाला. हॉस्पिटल चालूच राहिलं. तुम्हाला हॉस्पिटल बांधायला कुणी सांगत नाही. शाकारणीच्या शंभर रुपयांएवढी एक लहान, सगळ्यांना पटणारी मागणी निवडा. माझ्या मते ती "काम संपेल त्या दिवशी पैसे" हीच असावी.

पहिली बैठक रविवारी संध्याकाळी ठेवा, पगारवाटपाच्या दुसऱ्या दिवशी. तेलीबांध्याच्या तलावाकाठी बसायला जागा आहे, भाडं लागत नाही. येताना आधारची झेरॉक्स, जुनं कार्ड असेल तर ते, आणि वही आणा. भाषणं नकोत. प्रत्येकानं आपली थकलेली बाकी सांगायची आणि एकानं लिहून घ्यायची. घरच्या बायकांनाही सोबत आणा. कुणाकडे किती आणि कधीपासून अडकले आहेत, ते त्यांनाच नेमकं ठाऊक असतं.